आधी नद्या, मग पर्वत: अलास्कातील ब्रुक्स रांगेच्या नकाशांची पार्श्वभूमी

अलास्काच्या उत्तर भागात, आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे, चुकची समुद्राजवळून निघून पूर्वेला कॅनडाच्या युकॉन प्रदेशात शिरणारी सुमारे १,१०० किलोमीटर लांबीची ब्रुक्स पर्वतरांग आहे. तिच्या दक्षिण उतारावरचे पाणी कोयुकुक आणि चँडलार या नद्यांतून युकॉन नदीला मिळते. उत्तर उतारावरचे पाणी कॉलव्हिल, सॅगव्हनर्कटॉक, कॅनिंग अशा नद्यांतून थेट आर्क्टिक महासागरात जाते. पश्चिमेकडे नोआटक आणि कोबुक या दोन नद्या डोंगरांच्या ओळींमधून वाट काढत कोट्झेब्यू आखाताकडे वळतात. एवढी मोठी रांग ओलांडणारा मोटाररस्ता अलास्कात आजही एकच आहे. या रांगेतले सर्वांत उंच शिखर कोणते, याचे खात्रीलायक उत्तर मिळायला २०१६ साल उजाडावे लागले, यावरून इथल्या नकाशांची वाटचाल किती संथ आणि तुटक झाली असेल याची कल्पना येते.

या वाटचालीचा क्रम ध्यानात घेतला तर पुढच्या पुष्कळ गोष्टी उलगडतात. विमान येण्यापूर्वी या प्रदेशात शिरण्याचा मार्ग म्हणजे नदी. उन्हाळ्यात होडीने आणि हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून कुत्र्यांच्या घसरगाडीने जायचे, हा इथला प्रवास. त्यामुळे नकाशावर आधी नद्या उमटल्या आणि पर्वत उमटले ते नदीच्या पात्रातून किंवा काठच्या एखाद्या टेकडीवरून जेवढे दिसले तेवढेच. विमान आणि कॅमेरा आल्यावर हा क्रम उलटला. पर्वतांची उंची आणि आकार अधिकाधिक नेमके होत गेले, आणि पाठोपाठ नव्याने रेखाटायच्या राहिल्या त्या नद्याच.

इथला भूगोल कागदावर येण्याआधी तो माणसांच्या स्मरणात होता. १८२६ साली ब्रिटिश आरमाराचा कॅप्टन फ्रेडरिक बीची ‘ब्लॉसम’ जहाज घेऊन कोट्झेब्यू आखाताच्या परिसरात आला, तेव्हा किनाऱ्यावरच्या स्थानिक लोकांनी त्याला वाळूत त्या प्रदेशाचा नकाशा करून दाखवला. डोंगरांच्या रांगांसाठी वाळू आणि दगडांचे उंचवटे आणि बेटांसाठी गोट्यांचे ढीग अशी त्याची रचना होती आणि अंतरांचे प्रमाणही त्यांनी आपापसांत चर्चा करून दुरुस्त केले. बीचीने हा प्रसंग आपल्या वृत्तांतात आदराने नोंदवला आहे. पुढच्या शंभर वर्षांत इथे आलेला जवळजवळ प्रत्येक सर्वेक्षक किनाऱ्यावरच्या इन्युपियाट लोकांच्या, डोंगरांतल्या नुनामिउट लोकांच्या आणि दक्षिणेकडच्या अथाबास्कन लोकांच्या माहितीवर विसंबून होता. कोणत्या नदीच्या उगमाजवळून पलीकडच्या नदीच्या उगमाकडे उतरता येते, हे कळले नसते तर त्यातले बहुतेक प्रवास अर्ध्यावरच थांबले असते. नकाशाच्या समासात मात्र या लोकांची नावे क्वचितच आली, ही या इतिहासातली मोठी उणीव आहे.

त्याच वर्षी पूर्वेकडून, मॅकेन्झी नदीच्या मुखापासून, जॉन फ्रँकलिन होड्यांतून किनाऱ्याने पश्चिमेला निघाला होता. धुके आणि बर्फ यांमुळे त्याला ‘रिटर्न रीफ’ येथून मागे फिरावे लागले. दक्षिणेला दूरवर दिसणाऱ्या बर्फाच्छादित डोंगरांना त्याने रशियन सरदार रुम्यान्त्सेव याच्यावरून रोमॅन्झॉफ पर्वत असे नाव दिले. आज ज्या भागात रांगेतली सर्वांत उंच शिखरे आहेत तोच हा भाग. परंतु फ्रँकलिनच्या नकाशावर तो किनाऱ्यावरून दिसलेल्या एका रेघेपलीकडे गेला नाही. बीचीच्या माणसांनी अलास्काचे अगदी उत्तरेचे टोक पॉइंट बॅरो गाठले होते. तेथून रिटर्न रीफपर्यंतचा उरलेला किनारा १८३७ साली हडसन्स बे कंपनीच्या डीझ आणि सिम्पसन यांनी पार केला आणि कॉलव्हिल नदीचे मुख नोंदवले. म्हणजे त्या काळी कॉलव्हिलचे मुख नकाशावर होते, पण ती कोठून येते हे बाहेरच्या कोणालाच ठाऊक नव्हते. पुढची साठेक वर्षे हीच स्थिती राहिली.

१८६७ साली अमेरिकेने रशियाकडून अलास्का विकत घेतला, तरी उत्तरेकडच्या अंतर्भागाकडे सरकारचे लक्ष १८८० च्या दशकातच वळले. १८८५ हे वर्ष त्या दृष्टीने विलक्षण ठरले. आरमाराचा लेफ्टनंट जॉर्ज स्टोनी आणि महसूल नौदलाचा लेफ्टनंट जॉन कँटवेल हे दोघेही कोबुक नदीवर होते. कँटवेलच्या तुकडीतला मॅक्लेनेगन नोआटक नदीतून वर गेला, आणि लष्कराचा लेफ्टनंट हेन्री अ‍ॅलन दक्षिणेकडून कॉपर आणि टनाना या नद्यांच्या वाटेने येऊन कोयुकुकपर्यंत पोहोचला. उत्तरेला दिसलेल्या डोंगरांना अ‍ॅलनने तत्कालीन युद्धमंत्री एंडिकॉट यांचे नाव दिले. स्टोनीच्या तुकडीने कोबुकच्या काठी ‘फोर्ट कॉसमॉस’ या तळावर हिवाळा काढला. तेथून डब्ल्यू. एल. हॉवर्ड हा तरुण अधिकारी स्थानिक लोकांच्या सोबतीने रांग ओलांडून १८८६ च्या उन्हाळ्यात पॉइंट बॅरोला पोहोचला. या सगळ्यांनी होकायंत्र, घड्याळ आणि अंदाजाने मोजलेले अंतर यांच्या आधारे नद्यांची वळणे टिपली. डोंगर त्यांच्या नकाशांत सुरवंटासारख्या रेघांनी दाखवलेले आहेत, आणि उंचीच्या नोंदी फारच थोड्या आहेत.

खरे शास्त्रीय काम सुरू झाले ते सोन्यामुळे. कॅनडातल्या क्लोंडाइकमध्ये सोने सापडल्याच्या बातमीनंतर हजारो लोक अलास्काकडे धावले, आणि १८९८ पासून अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या तुकड्या तिकडे नियमित जाऊ लागल्या. प्रत्येक तुकडीत सामान्यतः एक भूवैज्ञानिक आणि एक नकाशाकार असे. १८९९ साली एफ. सी. श्रेडर आणि टी. जी. गर्डिन यांनी चँडलार आणि कोयुकुक या नद्यांचे काम केले. १९०१ साली डब्ल्यू. सी. मेंडेनहॉल आणि डी. एल. रीबर्न यांनी युकॉनकाठच्या फोर्ट हॅमलिनपासून कोबुकच्या वाटेने कोट्झेब्यू आखात गाठले. हेच मेंडेनहॉल पुढे या विभागाचे संचालक झाले. त्याच वर्षी श्रेडर आणि नकाशाकार डब्ल्यू. जे. पीटर्स यांनी जो प्रवास केला, तो या सगळ्या इतिहासातला कळीचा प्रवास म्हणावा लागेल.

हिवाळ्यात कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून सामान पुढे नेऊन ठेवायचे, बर्फ वितळल्यावर हलक्या होड्या घेऊन कोयुकुकची उपनदी जॉन हिच्या प्रवाहाविरुद्ध वर जायचे, अ‍ॅनाक्टुवुक खिंडीत होड्या आणि सामान पाठीवरून पलीकडे न्यायचे, आणि मग अ‍ॅनाक्टुवुक नदीतून कॉलव्हिलमध्ये उतरून समुद्र गाठायचा, असा त्यांचा बेत होता आणि तो त्यांनी तडीस नेला. ऑगस्टमध्ये ते आर्क्टिक किनाऱ्यावर होते. त्यानंतर होडीने किनाऱ्याकिनाऱ्याने पॉइंट बॅरो आणि त्याहीपुढे पश्चिमेचा प्रवास उरलाच होता. १९०४ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. युकॉनच्या खोऱ्यापासून आर्क्टिक महासागरापर्यंत रांगेच्या आरपार जाणारा, समोच्चरेषा असलेला पहिला सलग पट्टा नकाशावर आला तो या कामातून.

हा पट्टा कसा तयार होत असे, हे समजून घेतले तर त्याची मर्यादाही कळते. पीटर्ससारखा नकाशाकार प्लेन टेबल वापरी. तिपाईवर सपाट फळी, तिच्यावर कागद, आणि कागदावर ठेवलेली दुर्बीण बसवलेली पट्टी एवढेच ते साधन. एका उंच जागी फळी पातळीत बसवून दूरच्या शिखराकडे पट्टी रोखायची आणि कागदावर रेघ मारायची. पुढच्या मुक्कामी दुसऱ्या जागेवरून त्याच शिखराकडे पुन्हा रेघ मारली की दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ते शिखर. दुर्बिणीच्या कलावरून त्याची उंची काढता येते. दिवसा सूर्य आणि संधी मिळेल तेव्हा तारे यांचे वेध घेऊन अक्षांश-रेखांश तपासायचे. उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या इतक्या जवळ चुंबकसूचीचा कल मोठा आणि जागोजाग बदलणारा, त्यामुळे होकायंत्रावर पूर्ण विसंबता येत नाही. उन्हाळ्यात सूर्य मावळत नसल्याने ताऱ्यांचे वेध अवघड होतात. बर्फावरच्या थंड हवेत प्रकाशकिरण वाकतात आणि क्षितिजावरचे डोंगर आहेत त्याहून वर उचललेले दिसतात. शिवाय तुकडीला शिधा संपण्याच्या आत आणि नद्या गोठण्याच्या आत पुढचा टप्पा गाठायचा असे, म्हणून वाटेतून दूर जाऊन एखाद्या बाजूच्या खोऱ्यात शिरण्याला वेळच नसे. एवढ्या अडचणींतून पीटर्स यांनी जे काढले ते आजच्या नकाशाशी ताडून पाहताना मन आदराने भरून येते. परंतु तो नकाशा होता जॉन आणि अ‍ॅनाक्टुवुक या नद्यांच्या दुतर्फा दिसलेल्या प्रदेशाचा. दोन नद्यांच्या पट्ट्यांमधले डोंगर कोरेच राहिले.

यानंतरचे काम एका एकट्या माणसाचे आहे, आणि त्याच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. अर्नेस्ट डी कोव्हन लेफिंगवेल हा अमेरिकी भूवैज्ञानिक १९०६ साली डेन्मार्कच्या एज्नार मिकेल्सन याच्यासोबत ‘डचेस ऑफ बेडफर्ड’ या जहाजातून उत्तरेला आला. समुद्रात आणखी उत्तरेला एखादी अज्ञात भूमी आहे का, हे शोधणे हा मोहिमेचा हेतू होता. जहाज बर्फात सापडून निकामी झाले. बर्फावरून उत्तरेला जाऊन भूमी नसल्याचे पाहून झाले आणि मिकेल्सन परतला. लेफिंगवेल राहिला. जहाजाच्या लाकडातून त्याने फ्लॅक्समन बेटावर घर बांधले आणि समोर दिसणाऱ्या कॅनिंग नदीच्या प्रदेशाचा नकाशा करायला घेतला. १९१४ पर्यंतच्या काळात त्याने तिथे एकूण नऊ उन्हाळे आणि सहा हिवाळे काढले. खर्च सरकारचा नव्हता. तो त्याने स्वतःच्या आणि घरच्या पैशांतून केला.

नदीच्या वाटेने एकदाच जाऊन परतणाऱ्या तुकड्यांना जे साधणे शक्य नव्हते ते तिथेच राहिल्यामुळे लेफिंगवेलला साधले. किनाऱ्यालगतच्या बेटांवर आणि टेकड्यांवर त्याने त्रिकोणांचे जाळे उभे केले आणि त्या जाळ्याला आतले डोंगर जोडले. एकाच ठिकाणाकडे वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या हवेत पुन्हा पुन्हा पाहता आल्याने प्रकाशवक्रीभवनाच्या चुका त्याला ओळखता आल्या. इन्युपियाट शेजाऱ्यांबरोबर तो शिकारीला आणि प्रवासाला जाई, आणि नद्या व डोंगर यांची त्यांच्याकडून मिळालेली नावे त्याने जपून नोंदवली. सॅडलरोचिट आणि शुब्लिक ही नावे आज नकाशांवर आहेत ती त्याच्यामुळे. ज्या शिखरांची स्थानिक नावे मिळाली नाहीत त्यांतल्या दोन मोठ्या शिखरांना त्याने भूवैज्ञानिक थॉमस चेंबरलिन आणि पदार्थवैज्ञानिक अल्बर्ट मायकेलसन यांची नावे दिली. गोठलेल्या जमिनीत उभ्या पाचरीसारखे बर्फाचे थर कसे तयार होतात याचा त्याने केलेला अभ्यास तर आजही मूलभूत मानला जातो. १९१९ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने त्याचा ग्रंथ नकाशांसह प्रसिद्ध केला, आणि पुढची अनेक दशके त्या भागासाठी त्याहून चांगला नकाशा कोणाकडेही नव्हता. फ्लॅक्समन बेटावरची त्याच्या तळाची जागा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंदलेली आहे.

लेफिंगवेल पश्चिमेकडे काम करत असतानाच पूर्वेला १४१ व्या रेखावृत्तावर अमेरिका आणि कॅनडा यांच्या संयुक्त तुकड्या सीमेचे खांब रोवत उत्तरेकडे सरकत होत्या. १९१२ साली त्या समुद्राला पोहोचल्या. सीमेच्या दोन्ही बाजूंचा चिंचोळा पट्टा त्यांनी काटेकोरपणे मोजला. इथे मात्र प्रथमच नदीची वाट सोडून, डोंगर आडवा येईल तसा चढत, सरळ रेषेत नकाशा झाला; पण तो सीमेपुरताच.

सोन्यानंतर तेल आले. १९२३ साली राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी रांगेच्या उत्तरेकडचा विस्तीर्ण प्रदेश आरमारासाठी चौथा तेल राखीव प्रदेश म्हणून वेगळा काढला, आणि तिथे काय आहे हे पाहण्याचे काम भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागावर आले. १९२३ ते १९२६ या चार हंगामांत फिलिप स्मिथ, जे. बी. मर्टी, जेराल्ड फिट्झजेराल्ड आणि त्यांचे सहकारी कोबुक, नोआटक, अलाट्ना अशा नद्यांतून वर चढून पलीकडच्या कॉलव्हिलच्या उपनद्यांत उतरत राहिले. पद्धत पीटर्सचीच होती, फक्त नद्या अधिक आणि पट्टे एकमेकांच्या जवळ. १९३० साली त्यांचा एकत्रित अहवाल निघाला तेव्हा रांगेच्या पश्चिम आणि मध्य भागांचा ठोकळ आराखडा प्रथमच उभा राहिला. दरम्यान, १९२५ साली या सबंध रांगेला आल्फ्रेड हल्स ब्रुक्स यांचे नाव देण्यात आले. वीसहून अधिक वर्षे अलास्कातील भूवैज्ञानिक कामाची धुरा वाहून १९२४ साली ते निवर्तले होते.

तरीही दोन पट्ट्यांमधली रिकामी जागा शिल्लक होतीच. १९२६ साली ह्युबर्ट विल्किन्स आणि वैमानिक बेन आइलसन फेअरबँक्सहून पॉइंट बॅरोकडे उडाले, तेव्हा नकाशावरून अपेक्षा होती त्यापेक्षा कितीतरी उंच डोंगर त्यांच्यासमोर आले. जड सामान भरलेल्या विमानासाठी हा जिवावरचा प्रश्न होता. उलट दिशेची चूकही होई. वनशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्शल १९२९ पासून दहा वर्षांच्या काळात अधूनमधून येऊन वायझमन या खाणवस्तीच्या आधाराने कोयुकुकच्या उत्तर शाखेच्या उगमाकडचा प्रदेश पायी पालथा घालत होता. बोरिअल माउंटन आणि फ्रिजिड क्रॅग्ज या दोन शिखरांमधून नदी बाहेर पडते त्या जागेला त्याने ‘गेट्स ऑफ द आर्क्टिक’ म्हटले. पुढे त्याच नावाचे राष्ट्रीय उद्यान झाले. त्याने काढलेल्या नकाशाने नद्यांच्या उगमांकडच्या कितीतरी कोऱ्या जागा भरल्या. परंतु डूनेरॅक हे शिखर त्याला १०,००० फुटांहून उंच आणि रांगेतले सर्वोच्च वाटले होते. त्याची उंची प्रत्यक्षात साडेसात हजार फुटांच्या आसपास भरली. खोल दरीतून वर पाहताना एकट्या उभ्या कड्याची उंची जास्त भासते, आणि एकाच माणसाच्या साध्या साधनांनी ती तपासणे सोपे नसते. मार्शलच्या कामाचे मोल यामुळे कमी होत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने सगळे बदलले. अलास्कावरून सैनिकी विमानांची ये-जा सुरू झाली आणि वैमानिकांना हवाई नकाशे तातडीने हवे होते. उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत प्लेन टेबल घेऊन होड्यांतून फिरणाऱ्या तुकड्यांकडून हे काम होण्यासारखे नव्हते. अलास्कात आयुष्य घालवलेल्या फिट्झजेराल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन कॅमेऱ्यांची पद्धत पुढे आणली. विमानाच्या पोटात एक कॅमेरा थेट खाली रोखलेला आणि दोन्ही बाजूंना एकेक तिरपा, अशी मांडणी असे. तिन्ही एकाच क्षणी उघडले की एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंतचा सबंध प्रदेश तीन चित्रांत येई. मेट्रोगॉन या रुंद दृष्टीच्या भिंगावरून या पद्धतीला ‘ट्रायमेट्रोगॉन’ म्हणत. सुमारे २०,००० फुटांवरून उडताना विमानाच्या एका फेरीपासून दुसरी फेरी सुमारे २५ मैलांवर ठेवली तरी चाले. मग कार्यालयात बसून तिरप्या चित्रांतले डोंगर आणि नद्या सपाट कागदावर उतरवायचे.

यात पहिल्यांदाच असे झाले की कोणीही पाय न ठेवलेल्या खोऱ्यांचा नकाशा तयार झाला. परंतु चित्राला जमिनीशी बांधायला जमिनीवरचे मोजलेले बिंदू लागतात, आणि ते बिंदू होते पीटर्स, लेफिंगवेल, स्मिथ आणि फिट्झजेराल्ड यांच्या जुन्या नद्यांच्या वाटांवर. ज्या भागात जुनी वाट जवळ नव्हती तिथे चित्र स्वच्छ असूनही डोंगराची जागा आणि उंची सैलच राहिली. आकाशातून झालेला हा नकाशासुद्धा अशा रीतीने नद्यांच्याच आधारावर उभा होता, आणि मला ही गोष्ट या संपूर्ण इतिहासात सर्वांत लक्षणीय वाटते.

युद्धानंतर हे सैलपण घालवण्याचे पद्धतशीर प्रयत्न झाले. फिट्झजेराल्ड आता विभागाचे मुख्य स्थलाकृतिक अभियंता होते. हेलिकॉप्टर आल्याने सर्वेक्षकाला शिखरावर उतरवून, काही तासांत मोजणी उरकून, पुढच्या शिखरावर नेणे शक्य झाले. पूर्वी ज्या एका बिंदूसाठी आठवडा जाई तो अर्ध्या दिवसात मिळू लागला. नव्या उभ्या हवाई छायाचित्रांच्या जोड्या यंत्रावर त्रिमितीत पाहून समोच्चरेषा काढल्या जाऊ लागल्या. संपूर्ण अलास्कासाठी १:२५०,००० या प्रमाणाचे १५३ नकाशे आणि त्याहून तपशीलवार असे १:६३,३६० या प्रमाणाचे, म्हणजे एका मैलाला एक इंच, नकाशे निघू लागले. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने इंचाला मैल टोपोशीट ज्यांनी सह्याद्रीत वापरले असतील त्यांना हे प्रमाण ओळखीचे वाटेल. ब्रुक्स रांगेच्या पूर्व भागाचे असे नकाशे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाले. डोंगराळ भागात दोन समोच्चरेषांमधले अंतर बहुधा १०० फूट असे.

हे नकाशे त्यांच्या काळासाठी मोठी कामगिरी होती. पण त्यांच्यातली एक विसंगती गिर्यारोहकांना लवकरच जाणवली. लहान प्रमाणाच्या आणि मोठ्या प्रमाणाच्या नकाशांवर सर्वोच्च शिखराचा मान वेगवेगळ्या शिखरांकडे जात होता: एकावर चेंबरलिन, दुसऱ्यावर इस्टो. दोन्ही शिखरे बर्फाच्छादित, दोन्ही रोमॅन्झॉफ आणि त्यालगतच्या डोंगरांत, आणि उंचीतला फरक नकाशाच्या चुकीच्या मर्यादेतच बसणारा. हा वाद अर्धशतकाहून जास्त काळ तसाच राहिला. शेवटी हिमनद्यांचे अभ्यासक मॅट नोलन यांनी छोट्या विमानातून घेतलेल्या एकमेकांवर चढणाऱ्या असंख्य छायाचित्रांपासून संगणकाने उंची काढली, आणि गिर्यारोहक किट डेलॉरियर्स यांनी शिखरांवर जीपीएस नेऊन ती पडताळली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार इस्टो २,७३५.६ मीटर, हबली २,७१७.६ मीटर आणि चेंबरलिन २,७१२.३ मीटर. चेंबरलिन तिसऱ्या क्रमांकावर गेले. त्याच्या माथ्यावर हिमनदी आहे आणि ती झिजत असल्याने पूर्वी हा क्रम वेगळा असणे शक्य आहे, असेही त्यांनी दाखवले. म्हणजे १९५० च्या दशकातल्या नकाशाकारांच्या पदरी सगळी चूक टाकणे योग्य ठरणार नाही. तेव्हाचा डोंगरच वेगळा असू शकतो.

उपग्रहांच्या काळात आर्क्टिक प्रदेश सर्वांत आधी नीट मोजला गेला असेल असे सहज वाटते, पण घडले उलटे. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अवकाशयानाने रडारच्या साहाय्याने जगाच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली, ती उत्तरेला ६० अक्षांशापर्यंतच. ब्रुक्स रांग त्याच्या पुष्कळ उत्तरेला आहे. अमेरिकेतल्या इतर राज्यांच्या तुलनेत अलास्काची उंचीविषयक माहिती त्यामुळे फार जाडीभरडी राहिली, आणि दऱ्याखोऱ्यांतून ढगांखाली उडणाऱ्या छोट्या विमानांसाठी हे थेट धोक्याचे होते. २०१० पासून विमानातल्या रडारने राज्याची नवी मोजणी सुरू झाली. रडारला ढगांची अडचण येत नाही, आणि ब्रुक्स रांगेवर उन्हाळ्यात निरभ्र दिवस किती थोडे मिळतात हे पाहता हा गुण निर्णायक होता. सुमारे दहा वर्षांत ही मोजणी पूर्ण झाली आणि तिच्या आधारे १:२५,००० प्रमाणाचे अकरा हजारांहून अधिक नवे नकाशे निघाले. याशिवाय २०१६ पासून मिनेसोटा विद्यापीठाच्या ध्रुवीय केंद्राने उपग्रह-छायाचित्रांच्या जोड्यांपासून संपूर्ण आर्क्टिकचे उंची-नमुने दोन मीटरच्या तपशिलाने मोफत उपलब्ध करून दिले.

पर्वतांचा प्रश्न असा बऱ्याच अंशी सुटला. नद्यांचा सुटला नाही, आणि त्याला नद्यांचा स्वभाव कारणीभूत आहे. उत्तर उतारावरच्या नद्या डोंगरातून बाहेर पडल्यावर गोट्यांच्या रुंद पात्रात अनेक फाट्यांनी विणल्यासारख्या वाहतात. वसंतातल्या एका पुरात मुख्य प्रवाह एका फाट्यातून दुसऱ्यात जातो. हिवाळ्यात पात्रात साचलेला बर्फाचा थर उन्हाळ्यात उशिरापर्यंत टिकतो आणि पाण्याला बाजूला ढकलतो. गोठलेली जमीन विरघळली की काठ खचतात, तळी एका हंगामात रिकामी होतात. १९५० च्या दशकातल्या छायाचित्रांवरून काढलेल्या निळ्या रेघा त्यामुळे आजच्या उंचीच्या नमुन्यावर ठेवल्या तर पुष्कळ ठिकाणी पाणी टेकडीवरून वाहत असल्यासारखे दिसते.

याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. आर्क्टिक वन्यजीव क्षेत्राची स्थापना डिसेंबर १९६० मध्ये झाली तेव्हा त्याची पश्चिम सीमा कॅनिंग नदीच्या अगदी पश्चिमेकडच्या काठाने जाते असे लिहिले गेले. समुद्राजवळ कॅनिंगचे फाटे फुटतात आणि सर्वांत पश्चिमेकडच्या फाट्याला स्टेन्स नदी म्हणतात. हे सगळे लेफिंगवेलच्या घरासमोरचेच पाणी आहे. स्टेन्स हा कॅनिंगचाच भाग मानायचा की वेगळी नदी, यावर सुमारे २०,००० एकर जमीन केंद्र सरकारची की अलास्का राज्याची हे अवलंबून आहे. ही जमीन तेलक्षेत्रांना लागून असल्याने वादाला आणखी धार आली. केंद्राच्या भूव्यवस्थापन विभागाने २०१६ साली राज्याची मागणी फेटाळली, २०२० साली अपिलातही तोच निर्णय कायम राहिला आणि त्यानंतर प्रकरण न्यायालयात गेले. दोन्ही पक्षांनी पुरावा म्हणून पुढे केले ते १९५० च्या दशकातले नकाशे आणि त्यांवरची नावे.

सध्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग रडारच्या उंचीवरून अलास्कातील प्रवाहरेषा नव्याने काढत आहे. पाणी उताराने कुठे जाईल हे संगणक उंचीवरून ठरवतो. ज्या खोऱ्यांत उतार ठळक आहे तिथे ही पद्धत चांगली चालते. समुद्रालगतच्या सपाट, तळ्यांनी भरलेल्या मैदानात मात्र उतार जवळजवळ नसतोच. तिथे माणसाला छायाचित्रे पाहून प्रत्येक फाटा, प्रत्येक तळे आणि त्यांना जोडणारा ओहोळ ठरवावा लागतो, आणि कॅनिंग, सॅगव्हनर्कटॉक व कॉलव्हिल यांच्या मुखांकडचा प्रदेश नेमका असाच आहे.